चेतातंतूंची वाढ आणि पेशीला दिशा देणारी प्रथिने

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात असलेल्या आसेगावच्या शिवारात मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल धरली की सोयाबीन व तुरीची पेरणी सुरू होते. तिफणीच्या नळ्यांतून सुटणारा दाणा जमिनीत उभा पडेल, आडवा पडेल की उलटा, हे पेरणाऱ्याच्या हाती नसते. तरीही आठवडाभरात प्रत्येक दाण्याचे आदिमूळ खाली जाते आणि अंकुर वर येतो. एकाच बियाच्या दोन टोकांनी दोन भिन्न दिशा धराव्यात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या इतकी परिचयाची आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे.

असाच प्रश्न मानवी शरीरातील चेतापेशीपुढेही असतो. जन्मतः ही पेशी साधारण गोलाकार असते. तिला पुढे अनेक फाटे फुटतात. त्यांपैकी एकच फाटा लांबच लांब वाढून संदेश वाहून नेतो. बाकीचे आखूड राहून संदेश स्वीकारतात. बियाला निदान गुरुत्वाकर्षणाचा आधार असतो. चेतापेशीला मात्र आपली दिशा मुख्यतः स्वतःच्या अंतरंगातील प्रथिनांच्या मांडणीतून आणि सभोवतालच्या रासायनिक खुणांतून ठरवावी लागते. पेशीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूहून वेगळे होण्याच्या या गुणास ध्रुवीयता असे म्हणतात. ही ध्रुवीयता कशी निर्माण होते, हे गेल्या काही दशकांत बरेच उलगडले आहे. तुटलेला मज्जातंतू पुन्हा जुळण्यास किती काळ लागतो, बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष का करू नये, यांसारख्या ग्रामीण जीवनातील प्रश्नांशी या ज्ञानाचा निकटचा संबंध आहे.

सूक्ष्म पेशी, मीटरभर तंतू

चेतापेशीचे तीन भाग मानले जातात. मध्यभागी पेशीकाय, त्यापासून निघणाऱ्या आखूड व शाखायुक्त वृक्षिका, आणि एकमेव लांब अक्षतंतू. वृक्षिका संदेश घेतात, अक्षतंतू तो पुढे पोहोचवतो. असे असंख्य अक्षतंतू एकत्र बांधले जाऊन मज्जातंतू तयार होतो.

प्रौढ माणसाच्या कंबरेतील मज्जारज्जूपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याच्या पेशीकायाची रुंदी मात्र मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. हे प्रमाण लक्षात येण्यासाठी एक कल्पना करता येईल. पेशीकाय म्हणजे आसेगावच्या एखाद्या शेतातील दोन मीटर रुंदीची खोपी मानली, तर त्याच प्रमाणात तिच्यातून निघालेला अक्षतंतू हातभर जाडीचा आणि चाळीस किलोमीटर लांबीचा होईल. त्या दूरच्या टोकाला लागणारी बहुतेक सामग्री याच खोपीत तयार होऊन तेथवर पोहोचवावी लागते.

या वाहतुकीसाठी अक्षतंतूच्या आत सूक्ष्मनलिका नावाच्या प्रथिनांच्या नळ्या एकापुढे एक अंथरलेल्या असतात. त्यांच्यावरून काही वाहक प्रथिने मालाची गाठोडी घेऊन जातात. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला सुमारे २०० ते ४०० मिलिमीटर असतो. तंतूचा सांगाडा ज्यांपासून बनतो ती प्रथिने मात्र दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर पुढे सरकतात. हा मंद वेग पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

अनेकांतून एकाची निवड

वाढत्या चेतातंतूच्या टोकाला पंज्यासारखा पसरट, सतत हालचाल करणारा एक भाग असतो. स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८९० मध्ये त्याचे वर्णन केले व त्यास वृद्धिशंकू असे नाव दिले. त्यांनी मृत ऊतींचे छेद पाहून हे अनुमान केले होते. अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊतीचा कण लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. चेतातंतू पेशीतूनच फुटतो व पुढे पुढे वाढत जातो, याविषयीची शंका त्यामुळे फिटली.

हे फाटे परस्परांहून वेगळे कसे होतात, याचे पद्धतशीर निरीक्षण कार्लोस डॉट्टी, गॅरी बँकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतील चेतापेशी त्यांनी काचेवर वाढवल्या. पहिल्या अर्ध्या दिवसात प्रत्येक पेशीला चार-पाच आखूड फाटे फुटले. ते सारखेच दिसत व थोडे पुढे-मागे होत राहत. दिवस-दीड दिवसाच्या सुमारास त्यांपैकी एक एकाएकी वेगाने वाढू लागला. तोच अक्षतंतू झाला. उरलेल्या फाट्यांच्या वृक्षिका होण्यास आणखी काही दिवस लागले.

याआधी १९८७ मध्ये डॉट्टी व बँकर यांनी आणखी एक प्रयोग केला होता. नुकताच वाढू लागलेला अक्षतंतू मुळाजवळ तोडला असता, पूर्वी मागे राहिलेल्या फाट्यांपैकी एखादा पुढे होऊन त्याची जागा घेतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ, प्रारंभी अक्षतंतू होण्याची क्षमता प्रत्येक फाट्यात असते. एकाची निवड झाली की बाकीच्यांना थांबवले जाते.

पहिल्या पावसात उतारावरील शेतात पाण्याचे अनेक ओहोळ धावू लागतात. त्यांपैकी एखादा किंचित खोल गेला की आजूबाजूचे पाणी त्याच्याकडे वळते. पाणी वाढल्याने तो अधिक खोल होतो आणि खोल झाल्याने आणखी पाणी खेचतो. पाहता पाहता त्याचा नाला होतो व शेजारचे ओहोळ आटतात. चेतापेशीतील निवड काहीशी अशीच घडते. ज्या फाट्याला अल्पशी आघाडी मिळते त्याच्याकडे अधिक सामग्री जाते, आणि सामग्री मिळाल्याने त्याची आघाडी वाढते. फरक इतकाच की, येथे पाण्याची जागा काही विशिष्ट प्रथिनांनी घेतलेली असते.

कृमीच्या अंड्यातून मिळालेला धागा

या प्रथिनांचा शोध चेतापेशीत लागला नाही. मातीत आढळणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाचा पारदर्शक कृमी जीवशास्त्रज्ञांच्या विशेष उपयोगाचा ठरला आहे. त्याचे फलित अंडे प्रथम दोन असमान पेशींत विभागते. पुढची मोठी, मागची लहान. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केम्फ्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे काही जनुक दाखवून दिले की ज्यांत बिघाड झाल्यास अंड्याला आपली पुढची व मागची बाजू ओळखता येत नाही व विभाजन चुकते. या जनुकांना ‘पार’ हे नाव मिळाले. पुढे त्यांची संख्या सहा झाली व त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पार-१ ते पार-६ या नावांनी ओळखली जाऊ लागली.

कृमीच्या अंड्यात दिशा ठरवणारी हीच प्रथिने, थोड्याफार फरकाने, माशी, उंदीर व मानव यांच्या पेशींतही आहेत, असे नंतर दिसून आले. आतड्याच्या अस्तरातील पेशीला आतली व बाहेरची बाजू कळते ती यांच्या साहाय्याने. चेतापेशीतही यांचेच कार्य असावे, हा तर्क साहजिक होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत सोंग-हाय शी, लिली जान व यू नुंग जान यांनी २००३ मध्ये त्यास पुरावा दिला. अक्षतंतू होऊ घातलेल्या फाट्याच्या टोकाशी पार-३ व पार-६ ही प्रथिने एकवटतात आणि ती कृत्रिमरीत्या सर्वत्र पसरवली असता पेशीचा दिशाविवेक नाहीसा होतो, असे त्यांनी दाखवले.

प्रथिनांचे कार्य कसे चालते

पार-३, पार-६ आणि प्रथिन कायनेज-सी कुळातील एक विकर मिळून एक त्रिकूट तयार होते. वाढत्या टोकाशी त्याचे कार्य दोन प्रकारचे असते.

पहिले कार्य टोकाला पुढे ढकलण्याचे. सीडीसी-४२ नावाचे एक लहान प्रथिन पार-६ला जाऊन मिळते व त्रिकुटाला कार्यरत करते. पार-३च्या मध्यस्थीने रॅक हे दुसरे लहान प्रथिन जागे होते. या दोहोंच्या प्रभावाने वृद्धिशंकूतील ॲक्टिन नावाच्या धाग्यांची नवी बांधणी होते आणि टोक पुढे सरकते. याच कुळातील ऱ्हो हे प्रथिन मात्र विरुद्ध दिशेने काम करते. ते प्रभावी झाले की वृद्धिशंकू आक्रसतो व वाढ थांबते. अशा रीतीने टोकाशी एकाच वेळी चालना व अटकाव या दोन्ही शक्ती उपस्थित असतात.

दुसरे कार्य मार्ग पक्का करण्याचे. सूक्ष्मनलिका जागच्या जागी बांधून ठेवण्यास टाऊ नावाचे प्रथिन साहाय्य करते. पार-१ हे विकर टाऊला फॉस्फेटचा कण जोडून त्याची पकड सैल करते. त्रिकुटातील विकर पार-१वर नियंत्रण ठेवते. त्यामुळे अक्षतंतूत नलिका स्थिर राहतात व वाहतूक सुरळीत चालते. पार-१चे प्रमाण घटवले असता एकाच पेशीला अनेक अक्षतंतू फुटतात, असे प्रयोगांत आढळले आहे. अल्झायमर या वृद्धापकाळातील विस्मृतीच्या विकारात टाऊवर फॉस्फेटचा अतिरेक झालेला असतो, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

पार-४ हे या कुळातील आणखी एक सदस्य. ज्या उंदरांच्या मेंदूच्या बाह्यपटलात हे प्रथिन तयार होऊ दिले नाही, त्यांच्या तेथील चेतापेशींना अक्षतंतूच फुटले नाहीत, असे २००७ मध्ये सिद्ध झाले.

तथापि या एकाच यंत्रणेने सर्व काही ठरते, असे समजणे योग्य होणार नाही. फळमाशीच्या चेतापेशींना पार-६ व तिच्या सहकारी प्रथिनांवाचूनही अक्षतंतू फुटू शकतात, असे २००४ मध्ये दिसून आले. निसर्गाने या महत्त्वाच्या निर्णयासाठी एकाहून अधिक मार्ग राखून ठेवले आहेत. पेशीबाहेरील घटकांचाही त्यात वाटा असतो. रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी शोधलेला चेतावृद्धी घटक हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. त्याबद्दल त्यांना व स्टॅनली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबई व पुणे येथील संशोधन

महाराष्ट्रात या विषयावर मोलाचे कार्य झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे फळमाशीच्या आधारे चेतासंस्थेचा अभ्यास करण्याची परंपरा तेथे रुजली. याच संस्थेत संध्या कौशिका यांचा गट वर उल्लेखिलेल्या पारदर्शक कृमीच्या जिवंत शरीरात अक्षतंतूतून मालाची वाहतूक कशी चालते, याचा अभ्यास करतो. या कृमीला केवळ ३०२ चेतापेशी असल्याने एकेका तंतूवर लक्ष ठेवता येते.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची स्थापना २००६ मध्ये झाली. तेथील अर्णब घोष यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातील मज्जारज्जूच्या चेतापेशींवर प्रयोग करून २०१६ मध्ये महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. ॲक्टिनचे धागे बांधणारे फॉर्मिन-२ हे प्रथिन कमी केले असता वृद्धिशंकूच्या बोटांसारख्या प्रवर्धांचा आधार डळमळतो, तंतूची वाढ खुंटते आणि मज्जारज्जूतील तंतूंची वाट चुकते. फॉर्मिन-२च्या जनुकातील दोष काही कुटुंबांत बौद्धिक अक्षमतेस कारणीभूत असल्याचे त्यापूर्वी २०१४ मध्ये आढळले होते.

या निष्कर्षाचा शिक्षकवर्गाने अवश्य विचार करावा. वर्गातील एखादे मूल शिकण्यात मागे पडते तेव्हा त्यास आळस, नजर लागणे किंवा मातेने ग्रहण न पाळणे ही कारणे चिकटवली जातात. बौद्धिक अक्षमतेची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी काहींचे मूळ, जन्मापूर्वी चेतातंतूंची वाट आखणाऱ्या एखाद्या प्रथिनाच्या दोषात असते. त्यात मुलाचा अपराध नसतो व मातेचाही नसतो. अशा मुलाला बोल लावण्याऐवजी वेळेवर तपासणी व योग्य शिक्षण मिळवून देणे, हेच उचित होय.

तुटलेल्या तंतूची पुनर्वाढ

विळ्याने खोल जखम होणे, मळणीयंत्रात हात सापडणे, हे अपघात कोणत्याही शेतीप्रधान गावाला नवे नाहीत. अशा वेळी मज्जातंतू तुटला तर तुटीच्या पलीकडचा, पेशीकायापासून अलग झालेला भाग काही दिवसांतच नष्ट होऊ लागतो. इंग्लंडमधील ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्येच याचे वर्णन केले आहे. अलीकडच्या टोकाला मात्र नवा वृद्धिशंकू फुटू शकतो. भ्रूणावस्थेत वापरलेली ॲक्टिन व सूक्ष्मनलिकांची बांधणी पेशीला येथे पुन्हा हाती घ्यावी लागते. तंतूभोवतीच्या श्वान पेशी या कामी वाटाड्याची भूमिका बजावतात. त्या वाढीस पोषक द्रव्ये पुरवतात आणि पुढे तंतूवर मायेलिनचे आवरण चढवतात. हे आवरण चढवताना श्वान पेशीला तंतूकडची बाजू ओळखावी लागते व तेथेही पार-३ हेच प्रथिन आवश्यक ठरते, असे २००६ मध्ये आढळून आले.

मेंदू व मज्जारज्जूत परिस्थिती वेगळी आहे. तेथील मायेलिनमध्ये वाढीस अटकाव करणारी द्रव्ये असतात. ती ऱ्हो प्रथिनाला चेतवून वृद्धिशंकूला आक्रसून टाकतात. मज्जारज्जूची इजा बहुधा भरून येत नाही, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. झाडावरून वा बैलगाडीवरून पडून पाठीला वा मानेला मार बसलेल्या माणसाला बसवू वा ओढू नये. फळीवर सरळ आडवे ठेवून न्यावे, ही सूचना याच कारणास्तव दिली जाते. तेथील जे तंतू शाबूत आहेत ते गमावले तर परत मिळत नाहीत.

हातापायांतील तंतू पुन्हा वाढतात, पण सावकाश. ढोबळ मानाने हा वेग दिवसाला एक मिलिमीटर धरला जातो. मनगटाशी तुटलेल्या तंतूला तळहाताच्या स्नायूंपर्यंतचे दहा सेंटिमीटर अंतर कापण्यास सुमारे १०० दिवस लागतील. दंडाशी तुटला तर पन्नास सेंटिमीटरसाठी सुमारे ५०० दिवस. इकडे चेतातंतूचा संबंध तुटलेला स्नायू दिवसेंदिवस झिजत असतो. वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोहोचला तरी स्नायू पूर्ववत होण्याची शक्यता फारच कमी राहते. म्हणजे ही तंतू व स्नायू यांच्यातील कालमर्यादेची शर्यत आहे. तुटलेली टोके शस्त्रक्रियेने लवकर जुळवली गेली नाहीत, तर तंतूला वाट सापडत नाही आणि शर्यत सुरू होण्याआधीच हरली जाते.

यासाठी हाताच्या खोल जखमेत स्वच्छ कापडाने दाब देऊन रक्त थांबवावे, जखमेत हळद, राख वा माती भरू नये, आणि बोटांना स्पर्श कळतो का व बोटे हलतात का हे पाहावे. स्पर्श कळत नसेल तर वरून टाके घालून समाधान मानू नये. शल्यचिकित्सकाकडे त्वरित न्यावे.

कुष्ठरोग व मज्जातंतू

विदर्भाचा या विषयाशी आणखी एक जुना संबंध आहे. वरोड्याजवळील आनंदवन, वर्ध्याचे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान, अमरावतीचे तपोवन या संस्थांनी कुष्ठसेवेची मोठी परंपरा येथे निर्माण केली. गेऱ्हार्ड आर्मॉर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशींतच वस्ती करतो. तंतूचा वाटाडा व पोषक असलेली पेशीच आजारी पडल्याने तंतू दुबळा होतो. त्वचा बधिर होते. चटका वा काटा कळत नाही. न कळलेल्या जखमा चिघळतात व बोटे झडतात. बोटे रोगाने गळून पडतात हा समज चुकीचा आहे. ती मुख्यतः संवेदना गेल्यामुळे गमावली जातात.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. तरीही २०२२ साली जगात नव्याने आढळलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील होते. बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो व प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो. औषधे जंतू मारतात. नष्ट झालेला तंतू ती परत आणू शकत नाहीत. तंतूचा दाह सुरू होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले, तर संवेदना व शक्ती परत येण्याची आशा बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने कमी होते.

फिकट वा लालसर बधिर चट्टा, हातापायांना मुंग्या, करंगळीतील अशक्तपणा, डोळ्याची पापणी पूर्ण न मिटणे, ही लक्षणे शिक्षकाला वर्गात व ग्रामपंचायत सदस्याला गावात सहज ओळखता येण्याजोगी आहेत. रुग्णाला लाज वाटू नये अशा रीतीने त्याची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करवून देण्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

पेशीतील प्रथिनांना हाताळून मज्जारज्जूची वाढ पुन्हा घडवून आणण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत. त्यांना यश येईल तेव्हा येईल. तोवर एक गोष्ट निश्चित आहे. ज्या एका तंतूची निवड पेशीने भ्रूणावस्थेत केली, तोच माणसाला जन्मभर पुरवावा लागतो, आणि तो तुटल्यास दिवसाला एक मिलिमीटर याच गतीने परत येतो. ही गती वाढवणे गावाच्या हातात नाही. उपचारास होणारा विलंब टाळणे मात्र सर्वस्वी गावाच्याच हातात आहे.